अभियांत्रिकी यांत्रिकीच्या वर्गाचे नियम कोणते असावेत आणि का?

पुढच्या सत्रात मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी यांत्रिकी शिकवणार आहे. हा विषय मी यापूर्वी अनेकदा शिकवला आहे आणि दर वेळी पहिल्या तासाला नियमांचे एक पत्रक वाटले आहे. मागच्या सत्राच्या शेवटी ते पत्रक पुन्हा वाचले, तेव्हा त्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘चालणार नाही’ किंवा ‘गुण कापले जातील’ या शब्दांनी संपत असल्याचे आणि एकाही नियमाचे कारण दिलेले नसल्याचे लक्षात आले. विद्यार्थ्यांनी ते पत्रक घडी करून वहीत ठेवून दिले, याचे आता नवल वाटत नाही. म्हणून ते नव्याने लिहायला घेतले आहे. मसुद्यातील मुख्य गोष्टी येथे मांडतो. ज्यांनी हा विषय शिकवला, शिकला किंवा कामात वापरला आहे त्यांनी दोष दाखवावेत, ही विनंती.

माझी भूमिका एवढीच आहे की नियम विषयाच्या स्वभावातून निघाले पाहिजेत. या विषयात सूत्रे फार थोडी आहेत. प्रतलातील पिंडाच्या समतोलाची तीन समीकरणे, अवकाशातील सहा, कोरड्या घर्षणाचा नियम, गतिकीत, म्हणजे हलणाऱ्या पिंडांच्या भागात, न्यूटनचा दुसरा नियम आणि त्यातून निघणारी कार्य-ऊर्जा व आवेग-संवेग ही दोन रूपे, एवढ्या सामग्रीवर बहुतेक सत्र चालते. कोणता पिंड मनाने वेगळा काढायचा, तो वेगळा काढताना कोणकोणते आधार तोडले आणि प्रत्येक तोडलेल्या आधाराच्या जागी कोणते बल मांडायचे, हा निर्णय खरा अवघड असतो. तो निर्णय मुक्त पिंड आकृतीत, म्हणजे वर्गात आपण सगळे जिला एफबीडी म्हणतो तिच्यात दिसतो. आकृती चुकली की पुढचे बीजगणित कितीही शुद्ध असले तरी ते दुसऱ्याच कुठल्यातरी पिंडाचे गणित असते.

त्यामुळे १० गुणांच्या उदाहरणात आकृतीला ४, समीकरणांना ३, ती सोडवण्याला २ आणि एककासह उत्तराला १ गुण, अशी विभागणी केली आहे. आकृतीशिवाय आलेल्या बरोबर उत्तराला जास्तीत जास्त ३ गुण मिळतील. एखादी चूक पुढे वाहत गेली तर तिचे गुण एकदाच कापले जातील. उत्तरात ऋण चिन्ह आले म्हणून गुण जाणार नाहीत. गृहीत धरलेली दिशा उलटी निघाली एवढाच त्याचा अर्थ असतो आणि विद्यार्थ्याने तसे एका वाक्यात लिहावे, एवढीच अपेक्षा आहे.

सूत्र आधी आणि विचार नंतर, ही सवय घर्षणाच्या प्रकरणात सर्वांत ठळक दिसते. १०० न्यूटन वजनाचा ठोकळा आडव्या पृष्ठभागावर आहे, स्थितिक घर्षण गुणांक ०.४ आहे आणि त्याला २५ न्यूटन बलाने आडवे ओढले आहे, तर घर्षण किती? अनेक उत्तरपत्रिकांत ४० न्यूटन हे उत्तर येते, कारण गुणांक आणि अभिलंब प्रतिक्रिया (पृष्ठभाग ठोकळ्यावर लंब दिशेने लावतो ते बल) दिसली की हात आपोआप गुणाकार करतो. ४० ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. ठोकळा स्थिर असेल तर घर्षण २५ न्यूटनच असले पाहिजे, नाहीतर तो ओढणाऱ्याच्या विरुद्ध दिशेला सरकू लागेल. अशा उदाहरणात ‘घसरण सुरू होण्याच्या बेतात आहे का’ हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारल्याचे कागदावर दिसायला हवे, असा स्पष्ट नियम पत्रकात घातला आहे.

गृहपाठाविषयी. सत्रात १२ गृहपाठ असतील आणि त्यांना मिळून १५ गुण. दोन मधल्या परीक्षांना प्रत्येकी २०, आकृती काढण्याच्या स्वतंत्र चाचणीला १० आणि सत्रान्त परीक्षेला ३५. आकृतीची ही चाचणी तीन वेळा देता येईल आणि सर्वांत चांगले गुण धरले जातील. गृहपाठावर मित्रांशी बोलायला पूर्ण मोकळीक आहे, पण चर्चेतून उठताना सोबत कागद न्यायचा नाही. थोड्या वेळाने एकट्याने बसून कोऱ्या कागदावर लिहायचे आणि ज्यांच्याशी चर्चा केली त्यांची नावे वर नोंदवायची. नाव नोंदवल्याने गुण कमी होणार नाहीत. उत्तरांचे तयार संग्रह आणि संगणकाकडून लिहून घेतलेली उत्तरे यांविषयी मात्र माझे मत अजून पक्के झालेले नाही.

उशिरा आलेला गृहपाठ घेतला जाणार नाही, पण सर्वांत कमी गुणांचे २ गृहपाठ वगळले जातील. मोमेंट, म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम, समजल्याशिवाय समतोल समजत नाही, समतोलाशिवाय ट्रस (टोकांना जोडलेल्या सरळ दांड्यांचा सांगाडा) आणि ट्रसशिवाय फ्रेम (ज्याच्या दांड्यांवर मध्येही बले येतात असा सांगाडा) समजत नाही. एक आठवडा मागे पडलेला विद्यार्थी पुढच्या आठवड्यातही मागेच राहतो, हे या नियमाचे कारण.

परीक्षेत स्वतःच्या हाताने लिहिलेला सूत्रांचा एक कागद आणि साधा कॅल्क्युलेटर चालेल. उत्तर तीन सार्थ अंकांत द्यावे, पहिला अंक १ असेल तर चार. मधल्या पायऱ्यांत एक अंक जास्त ठेवावा. पहिल्या आठवड्यात त्रिकोणमिती आणि सदिशांची विनागुणांची चाचणी होईल, कारण कोन कोणत्या अक्षापासून मोजला आहे याच्या गोंधळाने जेवढे गुण जातात तेवढे यांत्रिकीने जात नाहीत.

माझ्याकडून अपेक्षा: तपासलेल्या उत्तरपत्रिका एका आठवड्यात परत, आणि फेरतपासणीचा लेखी अर्ज आल्यास लेखी उत्तर.


प्रतिसाद १ : उत्तरपत्रिका तपासणारा साहाय्यक

गुणांची विभागणी मला पटली. मी दोन वर्षे या विषयाच्या उत्तरपत्रिका तपासतो आहे. आकृतीचे गुण वेगळे ठेवले की तपासणी जलद होते आणि दोन तपासनिसांच्या गुणांत फरकही कमी पडतो. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधतो.

‘चूक पुढे वाहत गेल्यास गुण एकदाच कापावेत’ हा नियम न्याय्य आहे, पण त्यात एक पळवाट राहते. एका उत्तरपत्रिकेत दोरीतील ताण ऋण आला होता. विद्यार्थ्याने तो तसाच पुढच्या समीकरणात घातला, शेवटपर्यंत नीट गणित केले आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. नियमाप्रमाणे मी फक्त सुरुवातीच्या चुकीचे गुण कापले. पण दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. पिन आधारावरच्या, म्हणजे पिंडाला फिरू देणाऱ्या पण कोठेही सरकू न देणाऱ्या आधारावरच्या, प्रतिक्रियेचे ऋण चिन्ह आणि दोरीच्या ताणाचे ऋण चिन्ह यांचा अर्थ एक नाही. पहिल्यात फक्त गृहीत दिशा उलटी असते, दुसऱ्यात मांडणीच चुकलेली असते, किंवा ती दोरी सैल पडलेली असते आणि गणित नव्याने मांडावे लागते. पृष्ठभागाच्या अभिलंब प्रतिक्रियेचेही तसेच.

म्हणून सुचवतो की भौतिकदृष्ट्या अशक्य उत्तर तसेच सोडून दिल्यास एक गुण आणखी कापावा, पण विद्यार्थ्याने ‘हे उत्तर शक्य नाही, कारण दोरी ढकलू शकत नाही, चूक मला सापडलेली नाही’ असे लिहिले तर तो गुण कापू नये. वेळ संपत आलेला असताना कोणी इतके प्रामाणिक वाक्य लिहिले, तर त्याला विषय कळला आहे असे मी मानतो.


प्रतिसाद २ : दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेला विद्यार्थी

मी या विषयात पहिल्यांदा अनुत्तीर्ण झालो होतो, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो.

पहिल्या वेळी मी अभ्यास केला नाही असे नव्हते. सोडवलेली उदाहरणे रोज वाचत होतो आणि वाचताना प्रत्येक पायरी कळत होती. गृहपाठही उत्तरांच्या संग्रहातून पाहून, समजून घेऊन उतरवत होतो. परीक्षेत गुळगुळीत भिंतीला टेकवलेल्या शिडीचे उदाहरण आले. मी भिंतीपाशीही घर्षण दाखवले. भिंतीची प्रतिक्रिया, भिंतीचे घर्षण, जमिनीची प्रतिक्रिया, जमिनीचे घर्षण अशी चार अज्ञाते आणि समीकरणे तीन. अर्धा तास त्यातच गेला. ‘गुळगुळीत’ या एका शब्दाने त्यातील एक अज्ञात पुसले जाते, हे मी किमान दहा उदाहरणांत वाचले होते, पण ते पुसण्याचा निर्णय स्वतः एकदाही घेतला नव्हता. दुसऱ्याची आकृती पाहताना तिच्यात काय आहे तेवढे कळते. काय काढलेले नाही आणि का काढलेले नाही, ते स्वतः पेन्सिल हातात धरल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या वेळी मी एकच गोष्ट बदलली. पुस्तकातील आकृती झाकून आधी स्वतःची आकृती काढायची आणि मगच पान उघडायचे. त्यामुळे चर्चेनंतर रिकाम्या हाताने उठण्याचा नियम मला मनापासून पटतो. पत्रकात ‘उतरवू नका’ एवढेच न लिहिता, उतरवल्याने नेमके काय शिकायचे राहून जाते तेही लिहावे.

उशिराच्या नियमाबद्दल माझे मत वेगळे आहे. तापाने आडवा झालेला विद्यार्थी आणि आळसाने मागे पडलेला विद्यार्थी यांना दोन वगळलेल्या गृहपाठांत एकत्र कोंबणे योग्य वाटत नाही. शिवाय ज्याचे दोन गृहपाठ आधीच बुडाले आहेत, तो तिसरा उशिरा झाला की सोडूनच देतो. त्याला थोडी मुदत दिली तर तो निदान सोडवायला बसेल.


प्रतिसाद ३ : संरचना अभियंता

आकृतीला ४ गुण जास्त आहेत असे कोणाला वाटत असेल, तर १९८१ सालची कॅन्सस सिटीतील हयात रीजन्सी हॉटेलची दुर्घटना वर्गात जरूर शिकवावी. तिच्यामागचे यांत्रिकी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पूर्ण समजण्यासारखे आहे.

हॉटेलच्या मोठ्या दालनात चौथ्या मजल्यावरचा पादचारी पूल आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावरचा पूल, असे दोन पूल छतापासून सळयांनी टांगलेले होते. मूळ आराखड्यात छतापासून खालच्या पुलापर्यंत अखंड सळई होती आणि वरच्या पुलाची आडवी तुळई त्याच सळईवरच्या नटावर टेकणार होती. बांधकामाच्या सोयीसाठी पुढे अखंड सळईऐवजी दोन सळया घेतल्या गेल्या. एक छतापासून वरच्या तुळईपर्यंत आणि दुसरी वरच्या तुळईपासून खालच्या पुलापर्यंत.

आता फक्त वरच्या तुळईचा जोड वेगळा काढून त्याची आकृती काढावी. मूळ रचनेत तुळईवर खाली दाबणारा वरच्या पुलाचा भार आणि त्याला तोलणारी नटाची प्रतिक्रिया, एवढेच. म्हणजे नटावर एका पुलाचा भार. बदललेल्या रचनेत त्याच तुळईला खालची सळईही लोंबकळते. आता खाली ओढणारी बले दोन झाली आणि वर धरणारा नट एकच. त्याच्यावर दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. सळईच्या सर्वांत वरच्या भागातील ताण दोन्ही रचनांत सारखाच आहे, म्हणून संपूर्ण टांगणीची एकच आकृती काढली तर हा फरक दिसतच नाही. कोणता पिंड वेगळा काढायचा या निर्णयाचे महत्त्व याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. मूळ रचनाही बांधकामाच्या नियमांतील किमान भार पेलण्याइतकी मजबूत नव्हती, त्यात ही वाढ झाली. १७ जुलै १९८१ रोजी दोन्ही पूल कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली.

यातील दुसरी बाब गृहपाठ स्वतःच लिहिण्याच्या नियमाशी जोडलेली आहे. बदललेल्या जोडाच्या नकाशांवर अभियंत्यांच्या संस्थेचा मंजुरीचा शिक्का होता, पण त्या जोडाचे गणित कोणी केलेले नव्हते. पुढे जबाबदार अभियंत्यांचे परवाने रद्द झाले. दुसऱ्याच्या कागदावर आपले नाव घालणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी कळले पाहिजे.

एककाला एकच गुण हे मला कमी वाटते. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झाले, कारण एका संगणक-प्रणालीने आवेग (बल गुणिले वेळ) पाउंड-बल-सेकंदांत दिला आणि दुसरीने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला. एक पाउंड-बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन, तेव्हा चूक साडेचार पटींची होती. एकक फक्त उत्तरापुढे न मागता प्रत्येक मधल्या मूल्यापुढे मागावे.


प्रतिसाद ४ : निवृत्त प्राध्यापिका

मसुदा चांगला आहे, पण आकृतीला सुटे ४ गुण देण्यातला धोका मी अनुभवाने सांगते. आम्हीही असे गुण ठेवले होते. काही विद्यार्थी सुबक आकृती काढत आणि समीकरणे मात्र पाठ केलेल्या उदाहरणावरून लिहीत. आकृतीत असलेले बल समीकरणात नसे आणि समीकरणातले पद आकृतीत नसे. शेवटी आम्ही नियम बदलला. समीकरणातील प्रत्येक पदाकडे बोट दाखवून ‘हा बाण आकृतीत कुठे आहे’ असे विचारता आले पाहिजे, आणि आकृतीतील प्रत्येक बाणाला समीकरणात जागा असली पाहिजे किंवा ती का नाही हे सांगता आले पाहिजे. उदाहरणार्थ, ज्या बिंदूभोवती मोमेंट घेतला त्यातून जाणारे बल समीकरणात येत नाही. हा मेळ नसेल तर आकृतीचे दोन गुण जावेत.

तासाला उपस्थितीचे गुण आपण ठेवलेले नाहीत हे बरे केले. पण मग तास असा असावा की न येणाऱ्याचे खरोखर काही बुडेल. १९९८ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी प्रास्ताविक भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांतील साडेसहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे यांत्रिकीच्या संकल्पना-चाचण्यांतील निकाल एकत्र मांडले होते. सुरुवातीला न येणाऱ्या भागापैकी सत्रान्ती किती भाग येऊ लागला, हे त्यांनी मोजले. केवळ व्याख्यानांच्या वर्गांत हे प्रमाण सरासरी ०.२३ होते आणि विद्यार्थी तासातच प्रश्न सोडवत, एकमेकांशी वाद घालत अशा वर्गांत ०.४८. तेव्हा पत्रकात विद्यार्थ्यांच्या अपेक्षांबरोबर आपलीही एक अपेक्षा लिहावी, की प्रत्येक तासात निदान एक आकृती विद्यार्थी स्वतः काढतील आणि शेजाऱ्याशी ताडून पाहतील.

संगणकाने लिहिलेल्या उत्तरांबद्दल: ओळखण्याच्या मागे लागू नका. संशय आणि पुरावा यांच्या वादात वर्गाचा विश्वास जातो. त्याऐवजी दर आठवड्याला चार-पाच विद्यार्थ्यांना त्यांच्याच गृहपाठावर पाच मिनिटे तोंडी विचारावे. ‘हा आधार रोलर ऐवजी पिन असता तर काय बदलले असते?’ (रोलर पिंडाला एका दिशेने सरकू देतो, पिन देत नाही) एवढा एक प्रश्न पुरतो. ज्याने स्वतः सोडवले आहे तो चुकला तरी विचार करताना दिसतो. ज्यांना लिहायला किंवा वाचायला शारीरिक कारणाने अडचण येते, त्यांना परीक्षेत जादा वेळ आणि तोंडी प्रश्नांत मोकळीक मिळेल, हेही पत्रकाच्या पहिल्याच पानावर असावे. ते मागायला विद्यार्थी संकोचतात.


प्रतिसाद ५ : धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुष्कळ गोष्टी मी मसुद्यात घेतल्या आहेत.

आकृती आणि समीकरणे यांच्या मेळाचा नियम मॅडमनी सांगितल्याप्रमाणे जसाच्या तसा घेतो. अशक्य उत्तराविषयीचा नियमही घेतो, आणि उशिराच्या बाबतीत माझे मत बदलले आहे. प्रत्येकाला सत्रात दोनदा, कारण न विचारता, ४८ तासांची सवलत मिळेल. उत्तरे त्यानंतरच जाहीर होतील. आजारपण या हिशेबात धरले जाणार नाही. सर्वांत कमी गुणांचे दोन गृहपाठ तरीही वगळले जातील.

एककांचा गुण एकच ठेवतो. अभियंता महोदयांचे म्हणणे मान्य आहे, पण मधल्या प्रत्येक मूल्याला एकक मागितले की तपासनिसाचे लक्ष मांडणीवरून उडते, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी वर्गात आणि परीक्षेत मी स्वतः दिलेल्या काही उदाहरणांत मुद्दाम मिश्र एकके ठेवीन, म्हणजे सेंटिमीटर आणि मीटर, किंवा किलोग्रॅम वस्तुमान आणि न्यूटन बल. तेथे ९.८१ ने गुणायला विसरलेला विद्यार्थी आपोआप सापडतो.

तोंडी प्रश्नांना वेगळे गुण ठेवू का, हे अजून ठरत नाही.


प्रतिसाद ६ : निवृत्त प्राध्यापिका

वेगळे गुण ठेवू नका. गृहपाठाचे गुण तोंडी उत्तरानंतर कायम होतील, एवढे पुरे. गुण ठेवले की ती परीक्षा होते आणि घाबरणारे विद्यार्थी येत असलेलेही विसरतात.


प्रतिसाद ७ : दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेला विद्यार्थी

एक शंका राहिली. गतिकीत आकृतीचे नियम तेच राहणार का? आम्हाला एका शिक्षकांनी वस्तुमान गुणिले त्वरण हे पद आकृतीत उलट्या बाणाने दाखवायला शिकवले होते आणि दुसऱ्यांनी त्याच बाणासाठी गुण कापले होते.


प्रतिसाद ८ : धागाकर्ता

ही शंका फार महत्त्वाची आहे. उलटा बाण दाखवून गतिकीचा प्रश्न समतोलासारखा सोडवण्याची रीत फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांच्या १७४३ सालच्या तत्त्वाच्या आधाराने रूढ झाली आहे आणि ती चुकीची नाही. अडचण अशी होते की तो बाण कोणत्याही दुसऱ्या पिंडाने लावलेला नसतो. स्थितिकीत ‘प्रत्येक बाण कोणी लावला ते सांगा’ असे विचारून घडवलेली सवय तेथे मोडते, आणि विद्यार्थी तेच पद आकृतीत एकदा व समीकरणाच्या उजव्या बाजूला पुन्हा एकदा मोजतो.

त्यामुळे पत्रकात असे लिहितो: गतिकीत दोन आकृत्या शेजारी शेजारी काढाव्यात. डावीकडे फक्त खरी बले, उजवीकडे वस्तुमान-केंद्रापाशी वस्तुमान गुणिले त्वरण आणि पिंड फिरत असेल तर जडत्व मोमेंट (फिरण्यातील बदलाला पिंडाचा विरोध) गुणिले कोनीय त्वरण. दोहोंच्या मध्ये बरोबरचे चिन्ह. कोणी उलट्या बाणाची रीत वापरली तर तसे वर स्पष्ट लिहावे आणि शेवटपर्यंत तीच पाळावी. गुण दोन्ही रीतींना सारखेच. वर्गात मी पहिलीच शिकवीन.